फुली मारलेली पुडी

पिशवी उलटी करताना हात टेबलाजवळ धरावा, नाहीतर गोळ्या घरंगळत खाली जातात, हे मी वर्गाला पहिल्या पाच मिनिटांतच सांगतो. तरीही कोणीतरी ती उंचावरून उलटी करतंच. त्या रविवारी मालू नाखवा नावाच्या नर्सने केली. औषधांच्या पट्ट्या पडल्या, दोन डब्या पडल्या, बामची रिकामी बाटली पडली, आणि सगळ्यात शेवटी, शिवणीत अडकून बसलेली असावी अशी एक कागदाची पुडी पडली. कागद पिवळा झालेला, घडीवर विरलेला. त्यावर लाल पेन्सिलीची फुली होती. फुलीचा एक पाय लांब आणि एक आखूड. असा हात एकाच माणसाचा चालतो, आणि तो माणूस खडू धरून फळ्यापाशी उभा होता. मी टेबलाकडे पाठ केली आणि फळ्यावर काहीतरी लिहायला लागलो. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, हे आधीच लिहिलंय."

ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागच्या अंगाला एका शाळेत आमचा हा वर्ग भरायचा. महिन्यातून एक रविवार, सकाळी नऊ ते बारा. बाकं सातवी-आठवीच्या मुलांची, त्यामुळे मोठी माणसं गुडघे तिरके करून बसत. त्या दिवशी अठराजण होते. सात-आठ नर्सा, पाच-सहा डॉक्टर आणि उरलेले औषधांच्या दुकानात बसणारे. ठाण्यापासून कल्याणपर्यंत मला 'पिशवीवाले डॉक्टर' म्हणतात, कधी तोंडावर, बहुतेकदा पाठीमागे. मी शिकवतो काय, तर औषध थांबवायला. साडेपाच वर्षं कॉलेजात आम्हाला औषध सुरू कसं करायचं ते शिकवलं, थांबवायचं कसं यावर कोणी एक तास घेतला नाही. म्हणून प्रत्येकाने येताना एका पेशंटची पिशवी आणायची, घरातली असतील नसतील ती सगळी औषधं घालून. पिशवी टेबलावर उलटी करायची. एकेक गोळी उचलायची आणि विचारायचं, कोणी दिली, केव्हा दिली, कशासाठी दिली. जिचं उत्तर मिळत नाही ती फेकायची नाही, बाजूला ठेवायची आणि शोध घ्यायचा. एका वेळी एकच कमी करायची. आधी अर्धी, पंधरा दिवस थांबायचं, मग पुन्हा अर्धी. आणि पेशंटची तयारी नसेल त्या दिवशी एकही गोळी काढायची नाही. हा शेवटचा नियम सांगितला की दरवेळी कोणीतरी हसतं. त्या दिवशी कल्याणचा एक तरुण डॉक्टर हसला. "सर, एवढं हळू गेलो तर पेशंट दुसरा डॉक्टर गाठेल," म्हणाला. शेजारचा म्हणाला, "सर ताकही फुंकून पितात." सगळे हसले, मीही हसलो. प्रेमानेच म्हणाला बिचारा. तोंड कुठल्या दुधाने पोळलंय हे त्याला कोण सांगणार.

मालूने एकेक पट्टी उचलून सांगितलं. पिशवी तिच्या आईची. नऊ औषधं, तीन डॉक्टरांची. रक्तदाबाच्या दोन, त्यातली एक दुसऱ्या डॉक्टरने पहिली न बघता दिलेली. झोपेची एक, बारा वर्षं चालू. भीती वाटते म्हणून आणखी एक, जिनेही झोपच येते. आई दिवसभर गुंगीत असते, गेल्या चार महिन्यांत दोनदा मोरीत पडली, दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. मालू हे नर्सा सांगतात तसं सांगत होती, सरळ, आवाज न हलवता. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. केस घट्ट बांधलेले, समोर शंभर पानी वही. मग तिने ती पुडी उचलली. "ही आईची नाही. ही माझ्या वडलांची. ते गेले त्याला बारा वर्षं झाली, पण आई ही पिशवीतून काढू देत नाही." तिने पुडी उघडली. आत चार गोळ्या, बारीक, पांढऱ्या, मधे रेघ असलेल्या, कडा झिजून पीठ झालेल्या. "वडलांना लहानपणी फिट यायची. हे मला गेल्या महिन्यात आत्याने सांगितलं. ही फिटची गोळी आहे, सर. ही एकदम थांबवली तर काय होतं?"

एवढा साधा प्रश्न. कोणत्याही वर्गात कोणीही विचारावा असा. मी म्हणालो, "फिट येते. आधी येत होती त्याहून जोराची येऊ शकते." "कितव्या दिवशी?" "ठरलेलं नसतं. ही गोळी अंगातून हळूहळू उतरते. आठवड्याच्या आगेमागे." "आठव्या दिवशी येऊ शकते?" "येऊ शकते," मी म्हणालो. तिने ते वहीत लिहून घेतलं. ती लिहितेय म्हटल्यावर बाकीच्यांनीही लिहून घेतलं. अठरा माणसं माना खाली घालून दामाजी नाखवाचा मृत्यू लिहून घेत होती, आणि त्यांतल्या सतराजणांना ते माहीत नव्हतं.

दामाजी. डोंबिवलीच्या पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, मोठागावात राहणारा, होडी घेऊन खाडीत मासे मारणारा. उंच, खांद्याने रुंद, आणि चालायचा मात्र झोपेत चालल्यासारखा. त्याची बायको चंद्रभागा माझ्या दवाखान्याजवळच्या बाजारात मासे घेऊन बसायची आणि तिनेच त्याला हाताला धरून आणला होता, चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात. "जालं विनता विनता झोपतंय," म्हणाली. "होरीत बसला का मान पडते. मना भ्या वाटतं." आणि तिने माझ्या टेबलावर कापडी पिशवी ठेवली. अकरा औषधं. तेव्हा माझं वय चाळीस. मी नुकताच एका परदेशी मासिकात लेख वाचला होता, औषधांवर औषधं चढवल्याने माणसं कशी अर्धमेली होतात त्यावर. मासिक माझ्याकडे दोन महिने उशिरा यायचं, पण डोंबिवलीत दुसऱ्या कोणाकडे येतच नव्हतं, आणि याचा मला केवढा गर्व होता ते आता सांगायलाही लाज वाटते. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी होतो. खाली उतरून बघण्याची मला कधी गरजच वाटली नाही.

आणि तेव्हाची आमची रीत. ही रीत आजच्या पोरांना सांगितली तर त्यांना खोटी वाटते. दवाखान्यातून आम्ही गोळ्या सुट्या द्यायचो, कागदाच्या पुडीत. पुडीवर नाव लिहायचं नाही. सकाळी एक, रात्री एक, एवढंच. नाव लिहिलं तर पेशंट उद्या तीच गोळी दुकानातून आणेल किंवा दुसऱ्या डॉक्टरला दाखवेल, आणि मग आपल्याकडे येईल कशाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. सगळेच असं करायचे, मीही करायचो. दामाजीच्या त्या अकरांतल्या सात पुड्या अशाच बिननावाच्या होत्या, कुठल्या कुठल्या डॉक्टरांच्या, काही कदाचित हयात नसलेल्या. मी लाल पेन्सिल काढली. एकेक पुडी उचलायची, "ही कशाला?" म्हणायचं, उत्तराची वाट न बघता फुली मारायची आणि पायाजवळच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. बाहेर बाकावर बसलेले पेशंट माना लांब करून बघत होते. मला ते बघतायत हे माहीत होतं. त्या बारीक पांढऱ्या गोळीपाशी मात्र मी एकदा विचारलं होतं. एवढं तरी केलं होतं. "ही कशाची?" दामाजी म्हणाला, "रातची." मी चंद्रभागाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळायला लागली. मला वाटलं लाजली. दुसऱ्यांदा विचारायला किती वेळ लागला असता, चार सेकंद. मी फुली मारली.

माझा कंपाउंडर आबा तेव्हा साठीचा होता. तीसेक वर्षं तो ठाण्याच्या एका जुन्या डॉक्टरांकडे काम करून माझ्याकडे आलेला, चष्म्याला एका बाजूने दोरा बांधलेला. तो आतून आला, डब्यात वाकला, ती पुडी उचलली आणि हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ही एक बघून घ्यावी. मोठ्या डॉक्टरांकडे अशी असायची, ती..." मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. बाकावरचे पेशंट ऐकत होते ना. मी म्हणालो, "आबा, इथे डॉक्टर कोण आहे?" आबा मागे सरला. पण पुडी त्याने डब्यात परत टाकली नाही. चंद्रभागाच्या हातात दिली आणि म्हणाला, "जवळ असू दे." तिने ती घरी नेली. आठ दिवस ती पुडी त्या घरात होती, दामाजीच्या उशापासून हातभर अंतरावर. हात पुढे करायचा, एक गोळी घ्यायची. पण तिच्यावर डॉक्टरची फुली होती.

मला कळलं ते नवव्या दिवशी. आदल्या दिवशी सकाळी दामाजी ओहोटीला एकटाच होडी घेऊन गेला, पाणी ताटातल्यासारखं स्थिर, आणि दुपारी रेतीबंदराकडे सापडला. गावात सगळे म्हणाले, पाण्यातला माणूस पाण्यात गेला, खाडीने नेला. कोणी चौकशी केली नाही, कोणी माझ्याकडे बोट दाखवलं नाही. मी आबाला विचारलं, त्या दिवशी काय म्हणत होतास. आबा बाटल्या पुसत होता. पुसता पुसताच म्हणाला, "फिटच्या पेशंटला द्यायचे तशी गोळी." त्यानंतर तो सहा वर्षं माझ्याकडे होता, मरेपर्यंत, आणि या विषयावर एक अक्षर बोलला नाही. तो बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. मग तेराव्यानंतर चंद्रभागा आली. मी खुर्चीत ताठ बसलो. म्हटलं, आली वेळ. तिने टोपलीतून एक जिताडा मासा काढला, हातभर लांब, चकचकीत, केळीच्या पानावर ठेवून माझ्या टेबलावर ठेवला. आमच्या खाडीकडची माणसं जिताडा कोणालाही देत नाहीत. ज्याचे उपकार फिटत नाहीत त्याला देतात. "डॉक्टर," ती म्हणाली, "त्या आठ दिसांत मना माझा घो परत भेटला. हसला, पोरीला जवल घेतला, रातचे गानी बोलला. दहा वरसांत असा नव्हता. तुमी नसता तर तो तसाच झोपेत जेला असता." आणि ती रडली. मी तिला ग्लासभर पाणी दिलं. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो असतो तर सगळं त्या एका दिवसात उरकलं असतं. पण ती एवढ्या विश्वासाने रडत होती की माझी जीभ उचलली नाही, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखंही वाटलं. हे सुटल्यासारखं वाटणं मी कधी माफ केलेलं नाही.

दरवर्षी नारळी पुनवेनंतर ती एक जिताडा आणायची. नऊ वर्षं आणला. मी तो दोन्ही हातांनी घ्यायचो, ती जाईपर्यंत हसायचो आणि आबाकडे द्यायचो. आबा तो पिशवीत घालायचा. आबा गेल्यावर शेजारच्या शिंप्याला द्यायला लागलो. घरी कधी नेला नाही. आणि याच काळात मी वर्ग घ्यायला लागलो, आधी डोंबिवलीतल्या चार डॉक्टरांसाठी, मग ठाण्यात. लोकांना वाटतं याला तत्त्वाची चाड आहे. माझ्या हातून गेल्या दहा वर्षांत किती म्हाताऱ्या माणसांची गुंगी उतरली, किती जण पुन्हा काठीशिवाय चालले, ते लोक मला सांगतात. मी मान हलवतो. ते खरंही आहे. पण प्रत्येक वेळी पिशवी उलटी झाली की माझी नजर आधी बारीक पांढरी गोळी शोधते, आणि नसली की मगच मी बोलायला लागतो. त्या रविवारी ती होती.

वर्ग संपला तेव्हा बारा वाजले होते. रुळांच्या कामामुळे रेल्वे बंद होती, म्हणून मी एसटी स्टँडवर गेलो. मालू माझ्याआधीच तिथे उभी होती, पिशवी छातीशी धरून. मला वाटतं माझीच वाट बघत होती. शीळफाट्यावरून जाणारी डोंबिवली गाडी मिळाली आणि आम्ही एकाच बाकावर बसलो. गाडी मुंब्र्याला पोचली. खिडकीतून फेब्रुवारीचं कोरडं ऊन आत येत होतं, डोंगराच्या पायथ्याला खडी फोडायचं काम चालू होतं आणि तिची धूळ ओठांवर येत होती. मी मनात वाक्यं जुळवत होतो. सगळी वाक्यं 'त्या काळी' या शब्दांनी सुरू होत होती, म्हणून एकेक टाकून देत होतो. शेवटी तीच बोलली. "सर, मला माहीत होतं फुली तुमची आहे ते. आई सगळ्यांना सांगते. मी वर्गाला नाव घातलं ते त्याच्यासाठीच." "मग वर्गात सगळ्यांसमोर का नाही म्हणालीस?" "मला बघायचं होतं तुम्ही खोटं बोलता का." हे ती रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मला धरायला काहीतरी मिळालं असतं. "मी बोललो नाही खोटं," मी म्हणालो. "हो. पण खरं पण नाही बोललात." पुढे शीळफाटा आला, गाडी थांबली, एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन चढली.

गाडी सुटल्यावर मालू म्हणाली, "मला तुमचा राग आला होता, सर. महिनाभर आला. आत्याने सांगितलं त्या दिवसापासून. मग मी विचार केला, फिट होती हे आईला माहीत होतं. लग्नात फसवलं म्हणून आधी ती चिडलेली, मग तिनेच झाकून ठेवलं. माझं लग्न जमणार नाही म्हणून. तुम्ही विचारलंत तेव्हा ती गप्प बसली. म्हणजे आता मी तुमच्यावर रागावले तर आईवर पण रागवावं लागतं." ती पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होती, आईसारखेच. "आईला यातलं काही कळलेलं नाही. तिच्या डोक्यात ते आठ दिवसच आहेत. आणि या नऊ गोळ्यांनी ती मरेल सर, परत पडेल आणि मरेल. मी कमी करायला गेले तर हात लावू देत नाही. बोलते, ज्यानं तुझ्या बापाच्या थांबवल्या त्यालाच आण." मी विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे? मी सांगावं का नाही?" तिने बोटाला गुंडाळलेले बंद सोडले. "मी तिची पोरगी आहे, मला नका विचारू. तुम्ही डॉक्टर आहात ना?" आबाला मी विचारलेला प्रश्न बारा वर्षांनी असा माझ्याकडे परत आला.

मी हिशेब मांडत होतो, जसा वर्गात मांडायला लावतो. सांगितलं नाही तर ती माझ्या हातून गोळ्या कमी करेल, शुद्धीवर येईल, पडायची थांबेल. सांगितलं तर विश्वास जाईल, आणि वर तिच्या वाट्याला तिचा गप्प बसलेला क्षण येईल. म्हणजे न सांगण्यातच तिचं भलं, असं उत्तर येत होतं. आणि ते उत्तर माझ्या किती सोयीचं आहे हेही दिसत होतं. गेली बारा वर्षं प्रत्येक वेळी हेच उत्तर आलं होतं. कोणी दिली, केव्हा दिली, कशासाठी दिली. मी माझं हे मौन कधी पिशवीतून काढून बघितलंच नव्हतं.

मोठागावात त्यांचं घर खाडीकडे तोंड करून होतं. ओट्यावर वाळत घातलेली जाळी नव्हती, प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. चंद्रभागा आत खाटेवर बसली होती. मनगटाला प्लास्टर. मी तिला तीन वर्षांनी बघत होतो आणि ओळखलं ते फक्त नाकावरून. चेहरा सुजलेला, डोळे अर्धे मिटलेले. मला बघितल्यावर ते डोळे उघडायला तिला प्रयत्न करावा लागला. हेच डोळे, हीच मान दामाजीची होती. "डॉक्टर आयले," ती म्हणाली. "मालू, डॉक्टरला पानी दे. तीन वरसां जिताडा नाय देवला तुमाला, चालवत नाय." मी खाटेजवळ स्टूल ओढून बसलो. मालूने पिशवी आमच्या दोघांच्या मधे गोधडीवर उलटी केली, या वेळी हात खाली धरून. चंद्रभागाने लगेच पुडी उचलून मुठीत घेतली. "ही नको. ही त्याची. बाकीच्या काय त्या काढा. तुमी बोलाल ती काढते."

ती एवढं म्हणाली तेव्हा सगळं सोपं होतं. पट्टी उचलायची, अर्धी करायची, तारीख लिहायची. मी झोपेची पट्टी उचललीही. मग खाली ठेवली. "बाई," मी म्हणालो, "ती मुठीतली गोळी मी थांबवायला नको होती." तिने ऐकलं नसावं असं वाटलं. मी पुन्हा सांगितलं. सांगितलं की ती फिटची गोळी होती, एकदम बंद केली की आठवडाभरात फिट येते, होडीत आली असणार. माझ्या कंपाउंडरने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला नवव्या दिवशी कळलं होतं आणि मी नऊ वर्षं तुमच्या हातचा जिताडा घेत राहिलो. एवढं बोलायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मालू दाराच्या चौकटीला टेकून खाडीकडे बघत उभी होती.

चंद्रभागा माझ्याकडे बघत राहिली. गुंगीत असलेल्या माणसाच्या मनात एखादी गोष्ट उतरायला वेळ लागतो, आणि ती उतरताना मला दिसत होती. आधी भुवया, मग ओठ. "तुमी इचारलं व्हतं," ती म्हणाली. "ही कशाची म्हनून. मना आठवतं." "एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं." "मी बोलले नाय. पोरीचं लगीन..." ती थांबली. तिने मूठ उघडली, पुडीकडे बघितलं, फुलीवरून अंगठा फिरवला. ज्याची मला भीती होती तेच झालं होतं. मी माझं ओझं उतरवलं आणि तिने ते उचललं. मी म्हणालो, "तुमचं काही चुकलं नाही, बाई. विचारायचं काम डॉक्टरचं असतं." पण हे वाक्य मी बारा वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं, आणि आता ते तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

मग तिने मान वर केली. मी रागाची, शापाची, बाहेर जा म्हणण्याची तयारी केली होती. तिने ते काही केलं नाही. तिने विचारलं, "मंग ते आठ दिस? तो हसला, गानी बोलला, ते काय व्हतं? ते बी फिटच येत व्हती का?" तिचे डोळे आता पूर्ण उघडे होते. मला कळलं की तिला बाकी कशाचंही उत्तर माझ्याकडून नको आहे. बारा वर्षं तिने जे जपलं होतं तेवढंच ती माझ्यासमोर धरत होती, आणि ते खरं का खोटं हे सांगू शकणारा मी एकटाच होतो. मी विचार केला. खरोखर विचार केला, डॉक्टर म्हणून, कारण तिला आता माझी दया देऊन चालणार नव्हतं. दामाजीच्या अंगातून झोपेची दोन औषधं एकदम उतरली होती. गुंगी गेली की माणूस असाच जागा होतो, मी नंतर शंभर माणसांत ते पाहिलं आहे. त्यात थोडी ती दुसरी बेचैनीही असेल, फिटच्या आधीची. किती कुठली, हे कोणी सांगू शकत नाही. "हसला तो दामाजीच होता," मी म्हणालो. "गोळ्यांखाली तोच होता. हळू थांबवल्या असत्या तर तसाच राहिला असता."

ते शेवटचं वाक्य मी नाही बोललो तरी चाललं असतं. पण ते खरं होतं, आणि मी ते बोलून गेलो. चंद्रभागाने मान हलवली, दोनतीनदा, बाजारात भाव पटला की हलवायची तशी. मग डाव्या हाताने, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून, ती गोधडीवरच्या पट्ट्या गोळा करायला लागली. एक पट्टी निसटली, मी उचलून दिली. तिने ती घेतली. "डॉक्टर," ती म्हणाली, "आज कंची बी काढू नका. आज मना झोप लागाया पायजे." मी म्हणालो, "आज नाही काढत." "मंग कवा येनार?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मालूने दारातून मान वळवली. "तुम्ही बोलवाल तेव्हा," मी म्हणालो.  फुलीची पुडी तिने सगळ्यात आधी पिशवीत घातली, मग बाकीची औषधं, नऊच्या नऊ. एका हाताने तिला बंद बांधता येईना, म्हणून तिने पिशवी माझ्यापुढे धरली. मी गाठ मारली आणि पिशवी तिच्या उशाशी ठेवली.